वाळेस्तोवर सोडायचं न्हाई

"धर."

"नाही धरत."

"आरं धर की लेका. चावतंय व्हय?"

अण्णांनी कातड्याचं एक टोक माझ्यासमोर धरलं होतं. बोकडाचं कातडं. घरी कमावलेलं आणि वाळून पत्रा झालेलं. आदल्या दिवशी त्यांनी ते पाण्याच्या टाकीवर आपटून दाखवलं होतं, फळी आपटल्यासारखा खट्ट आवाज आला. मग रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलं. सकाळी गोणपाट उघडला आणि वरून बुळबुळीत, आतून कडक असं ते बाहेर निघालं. वास असा की मी दोन पावलं मागे गेलो. ओलं कुत्रं, जुन्या चपला, आणि त्याच्याखाली अजून काहीतरी, मेलेल्या उंदराच्या जवळपासचं.

"दोन्ही हातानं धर," अण्णा म्हणाले.

दोन्ही हातांनी. माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मधल्या पेरावरच संपतात. टोकाला गुलाबी चकचकीत कातडी आलीय, पालीच्या पोटासारखी. मी ती कुणाला दाखवत नाही. स्वतःही बघत नाही.

चाकणला एका छोट्या कंपनीत पॉवर प्रेसवर होतो. टार्गेट निघायचं नाही म्हणून मशीनचा सेफ्टी सेन्सर बायपास करून ठेवलेला. सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. एका दुपारी प्रेस खाली आली तेव्हा माझा हात आत होता. यापेक्षा जास्त त्यात सांगण्यासारखं काही नाही. कॉन्ट्रॅक्टरने हॉस्पिटलात येऊन सफरचंदं दिली आणि पुन्हा कामावर बोलावलं नाही.

जखम भरली. पण टोकं वेडी झाली. शर्टाचं बटण लागलं तरी कोपरापर्यंत करंट. पंख्याच्या हवेनेसुद्धा चमकायचं. हॉस्पिटलात थेरपीला मृदुला मॅडम होत्या, त्या म्हणाल्या, "नसा घाबरल्यात तुझ्या. त्यांना सवय लाव. टॉवेलवर घास, तांदळात हात घाल, वाळूत घाल. रोज." मी हो हो म्हटलं आणि घरी येऊन हात खिशात घातला. खरं सांगतो, मला त्या टोकांना हात लावायचीच किळस यायची. जेवायला चमचा घ्यायचो आणि भिंतीकडे तोंड करून बसायचो.

मग शेखरचा फोन आला. शेखर माझा जुना रूममेट, चाकणलाच एका मोठ्या कंपनीत असेंब्ली लाइनला आहे. "भावा, जागा आहे. मी बोललोय साहेबांशी, बोटांचं पण सांगितलंय. दीड महिन्याने भरती आहे. मंगळवारी ट्रायल. नट आवळायचा नटरनर धरायचा, ट्रिगर दाबायचा, पूर्ण शिफ्ट. हात चालला की झालं काम. नाही चालला तर मग माझ्या हातात काही नाही, राव."

ट्रिगर दाबायचा म्हणजे त्याच टोकाने दाबायचा. मी घरी सायकलच्या ब्रेकवर करून बघितलं. डोळ्यांतून पाणी आलं. कापडी ग्लोव्ह्ज घातले तर शिवण बरोब्बर टोकावर. रबरी घातले तर घामाने आग. स्पंज लावून चिकटपट्टी गुंडाळली तर ती घसरायची. अण्णा कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होते. एक दिवस म्हणाले, "ह्याला बोकडाचं मऊ कातडं पायजे. मी करतो."

आईच्या हातातली पळी खाली पडली. "तुमी?"

आई का दचकली ते सांगायला पाहिजे.

आम्ही मूळचे बार्शीकडचे. आमच्यात कातडी कमवायचं काम. आज्जा गावाबाहेर ओढ्याच्या कडेला कुंडांत कातडी घालायचा. चुन्याचं कुंड, सालीचं कुंड. अण्णा शाळेत गेले की पोरं नाक धरायची. मास्तरही धरायचे, फक्त जरा सावकाश. अण्णा मिसरूड फुटायच्या आत पळून पिंपरीला आले, भोसरीत एका प्लेटिंगच्या शॉपमध्ये लागले आणि रिटायर होईपर्यंत ॲसिडच्या टाक्यांवर उभे राहिले. थेरगावात खोली घेतली, मग ही वन आरके. गल्लीत कुणालाही आमचं मूळ काम सांगितलं नाही. आईने तर घर असं घासलं की फिनेलचा वास म्हणजेच घर असं मला लहानपणी वाटायचं.

आणि आता तेच भैरूअण्णा काळेवाडीच्या मटणाच्या दुकानातून सिमेंटच्या पोत्यात ओलं कातडं घालून स्कूटरवर घरी आले. रक्त ठिबकत होतं. पायदानावर.

"जिन्यात न्हाई पडलं," ते म्हणाले. जणू मला त्याचंच टेन्शन होतं.

पुढचा महिनाभर आमच्या गच्चीवर दोन निळे ड्रम होते. पहिल्यात चुना. त्यात कातडं भिजलं की केस सुटतात. अण्णांनी ते एका पाइपवर पसरून बोथट पात्याने केस खरवडले, मग उलटं करून मांसाचे धागे, चरबी. पांढरट, चिकट, शेंबडासारखं. ते बादलीत जमा होत होतं आणि बादली धुवायचं काम माझं. मग ते एकदा गच्चीच्या कोपऱ्यात वाकून कबुतरांची घाण गोळा करताना दिसले.

"हे कशाला?"

"कातड्यातला चुना मारायला. पाण्यात कालवायची आन कातडं बुडवायचं. तुझा आज्जा हेच करायचा."

"हातांनी?"

"मग काय चमच्यानं?"

त्या दिवशी मी रात्रीचं जेवलो नाही. भातातूनही तोच वास येत होता. माझ्या केसांतून येत होता. गाडीवर बसलो तर हेल्मेटमधून येत होता.

दुसऱ्या ड्रममध्ये बाभळीची साल आणि हिरडा. पाणी काळं झालं, वर फेस आला. शेजारच्या ब्लॉकमधल्या यशोदाबाई रोज दारात उभ्या राहून नाकाला पदर लावायच्या. "जयमालाताई, काय मेलंय का हो वर?"

"ड्रेनेज तुंबलंय वाटतं," आई म्हणायची. माझी आई कधी खोटं बोलत नाही, पण हे ती असं बोलली की महिनाभर तयारी केली असावी.

यशोदाबाईंनी पालिकेच्या ॲपवर तक्रार टाकली. दोघं आले, लोखंडी सळईने चेंबर उघडलं, आत टॉर्च मारला. एक जण म्हणाला, "मावशी, एवढं क्लीन चेंबर आम्ही थेरगावात बघितलं नाही." यशोदाबाई वैतागल्या. आई देवाला हात जोडून आत गेली.

एवढं करून शेवटी घोळ झालाच. साल मुरली, कातडं बाहेर काढलं, तेल लावून दोरीवर टाकलं. आता ते वाळत असताना ओढत राहायचं असतं, म्हणजे मऊ राहतं. आणि नेमके अण्णा त्याच दिवशी तापाने पडले. दोन दिवस कुणी वर गेलं नाही. आई गेली नाही कारण तिला ते बघवत नव्हतं. मी गेलो नाही कारण मला काय माहीत. तिसऱ्या दिवशी बघतो तर पत्रा.

म्हणून हा रविवार. मंगळवारी ट्रायल. मधे एक दिवस शिवायला. म्हणजे जे व्हायचं ते आजच.

"धर," अण्णा पुन्हा म्हणाले.

मी धरलं.

टाकीच्या लोखंडी स्टँडला त्यांनी भंगारातून आणलेला पोलादी पट्टीचा एक जाड तुकडा दोन क्लॅम्पनी आवळला होता. धार गोल, घासून गुळगुळीत केलेली. त्या धारेवर कातडं टाकायचं, एका बाजूला ते, एका बाजूला मी. ते ओढणार, मी सोडणार. मी ओढणार, ते सोडणार. करवत चालवल्यासारखं.

"वाळेस्तोवर सोडायचं न्हाई," ते म्हणाले. "मधी सोडलं की मेलं त्ये."

"मेलेलंच आहे ते, अण्णा."

"तोंड कमी चालव. हात चालव."

पहिल्या ओढीतच माझ्या डाव्या हातातून ते सटकलं आणि सगळा भार उजव्यावर आला. दोन्ही टोकं कातड्यावर घासली. कोपरापर्यंत नाही, खांद्यापर्यंत गेला करंट. मी अशी शिवी दिली की बापासमोर आयुष्यात दिली नव्हती.

"शिव्या दे," अण्णा म्हणाले. "पण सोडू नको."

ओढ. सोड. ओढ. सोड. कातड्यातून तपकिरी पाणी निथळून माझ्या मनगटावरून बाहीत शिरत होतं. ते थंड होतं हे सगळ्यात वाईट. ऊन चढलं तसा वास उठायला लागला, तव्यावर काहीतरी टाकल्यासारखा. मी तोंडाने श्वास घ्यायला लागलो तर चव लागायला लागली. मग पुन्हा नाकाने. दोन्हीकडून मार.

अण्णा मात्र मजेत. टोपी मागे सरकवलेली, बनियनवर डाग, मधेच कातड्यावर गाल टेकवून कुठे कडक आहे ते बघत होते. गाल! मला उबळ आली, मी मान वळवली.

"तुम्हाला काहीच कसं होत नाही?"

"सवय आसती."

दुपारी आई वर आली. गच्चीच्या दाराच्या आत नाही, बाहेरच थांबली. हातात झाकलेलं पातेलं. अण्णांनी तिथूनच आवाज दिला, "आहाहा, काय वास सुटलाय!"

हे त्यांचं रोजचं. मला आठवतंय तेव्हापासून. कंपनीतून आले की दारात चप्पल काढता काढता एवढंच, काय वास सुटलाय. काहीही शिजत असो. आई वरवर म्हणणार, "चला, हात धुवा," आणि आतून खूश होणार. तिचं सगळं शिकणं, सगळी बक्षिसं त्या एका वाक्यात होती.

मी झाकण उघडलं. दहीभात. थंडगार.

"अण्णा, दहीभाताला कसला वास?"

"त्यांना येतो, तुला न्हाई," आई म्हणाली आणि नाकाला पदर लावून खाली पळाली.

मला काही खाता आलं नाही. अण्णांनी हात धुतले, म्हणजे पाण्यातून फिरवले, आणि त्याच हातांनी सगळा भात संपवला. नखांत काळं होतं. मी कठड्यावर बसून डांगे चौकाच्या बाजूच्या बिल्डिंगा मोजत राहिलो.

"तेल लावू आता," ते म्हणाले.

टाकीखाली दोन बाटल्या होत्या. दोन्ही कोल्ड्रिंकच्या, दोन्ही मळलेल्या. एकीत करंजाचं तेल. दुसरीत मी गच्चीचा दरवाजा रंगवला होता त्यातलं उरलेलं थिनर. अण्णांनी एक उचलली, बूच काढलं, कातड्यावर भडाभडा ओतलं आणि तळहाताने चोळायला लागले.

मी चार-पाच फुटांवर होतो. माझे डोळे चुरचुरले. घशात आग झाली.

"अण्णा!"

"काय?" ते चोळतच होते.

"थिनर आहे ते!"

हात थांबला. त्यांनी बाटलीकडे बघितलं. मग तळहाताकडे. मग तळहात नाकाशी नेला आणि मोठा श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. कुणीही असता तर मान झटकली असती, शिंकला असता, काहीतरी झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच झालं नाही. बंद टीव्हीसारखा होता.

"बाटल्या सारख्याच हायत," ते म्हणाले.

"वास येतो की पण ढळढळीत."

ते कातड्याची कड बोटाने सरळ करत राहिले.

"अण्णा, तुम्हाला वास येत नाही?"

"न्हाई."

"म्हणजे, आत्ता? सर्दी आहे?"

"लई वर्षं झाली. तू बालवाडीत आसशील." त्यांनी थिनरची बाटली घट्ट बंद केली आणि लांब नेऊन ठेवली. "टाकीवर उभं राहिलं की आधी डोकं दुखायचं. रोज. मग एक दिस डोकं दुखायचं थांबलं. मला वाटलं, चला, सवय झाली. मग कळलं, नाकच गेलं."

"डॉक्टरला?"

"काय सांगायचं डॉक्टरला? नाक तर हाय जागच्या जागी. बोट गेलं तर लोकांना दिसतं."

मला एकदम त्यांचा राग आला. मग प्लेटिंग शॉपचा आला. मग त्या प्रेसचा, सफरचंदांचा, समोरच्या त्या काळपट चिकट चामड्याचा. बापाचं नाक, पोराची बोटं. असं काढत गेलं तर आमच्या घरातून अजून काय काय निघालं असतं कुणास ठाऊक.

"आणि आई? काय वास सुटलाय म्हणता ते?"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिनं मला जन्मभर एकच इचारलं, कसं झालंय. मी एकच सांगितलं. तिला कशाला बोलायचं आता."

खाली कुणाच्या तरी घरात मिक्सर चालू झाला, बंद झाला.

"तुझा आज्जा नाकानं कातडं वळखायचा," अण्णा म्हणाले. "कच्चं कुठं, पक्कं कुठं, कुजलंय कुठं. हाताला नंतर कळतं, नाकाला आधी. मलाबी यायचं त्ये. चांगलं यायचं. म्हणून तर पळालो." ते जरा हसले. "आता म्हातारपणी पायजे तर न्हाई."

मग त्यांनी कातडं उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

"तू सांग."

"काय सांगू?"

"कुठं कुजलंय. मला न्हाई कळत. ह्या थिनरनं एक बाजू तर गेलीच. राहिलेल्यात बरं कुठं हाय ते बघ. कुजक्याचं शिवलं तर तुझ्या बोटाला लागंल, पिकंल."

मी महिनाभर ज्या गोष्टीपासून नाक वाचवत होतो त्या गोष्टीत नाक घालायचं. मला पळून जावंसं वाटलं. जिना समोरच होता. पण मंगळवार पण समोरच होता, आणि अण्णा खडू घेऊन उकिडवे बसले होते, शाळेतल्या पोरासारखे.

मी वाकलो.

पोटाकडची बाजू. सडकं अंडं. लगेच मागे झालो. "इथे कुजलंय." त्यांनी खडूने फुली मारली. मागच्या पायाकडे. मुतारीसारखा, डोळ्यांत जाणारा. "इथे पण." फुली. बगलेकडे थिनर, तिथे काही कळेना. फुली. मग पुन्हा पोटाकडे, कडेकडेने, वीतभर वीतभर. एके ठिकाणी माझं नाक बुळबुळीत भागाला टेकलं.

मी उठलो, गच्चीच्या मोरीपाशी गेलो आणि ओकलो. पोटात काही नव्हतं, तरी ओकलो. अण्णा मागून आले. पाठीवर हात ठेवणार होते, मग स्वतःच्या हातांकडे बघून नाही ठेवला. तांब्या पुढे केला.

"राहू दे आता," ते म्हणाले. "बघू दुसरं कायतरी."

"बसा तुम्ही."

मी परत बसलो. मान आणि पाठ राहिली होती. नाक लावलं. पुन्हा लावलं. इथे वेगळंच होतं. चांगलं नव्हतं, पण वेगळं होतं.

"इथे चहाच्या चोथ्यासारखा येतोय. शिळ्या चोथ्याचा. थोडा लाकडाचा."

अण्णांचा हात खडूसकट तसाच थांबला. "खरं?"

"हो."

"ती साल. साल बोलतीय ती. पक्कं झालंय तिथं." आणि मग हळूच, "चहाच्या चोथ्यासारखा व्हय. बरोबर. तसाच यायचा."

त्यांनी तेवढ्याला गोल काढला. बाकीचं कापून पोत्यात भरलं. एवढ्या मोठ्या बोकडातून नॅपकिनएवढा तुकडा उरला. करंजाचं तेल, ह्या वेळी मी बूच काढून वास घेऊन मग त्यांच्या हातात दिलं.

मग ओढ, सोड. तुकडा लहान झाल्यामुळे आम्ही जवळ जवळ आलो होतो, गुडघ्याला गुडघा लागत होता. नीट पकडायचं तर राहिलेल्या तीन बोटांनी जमत नव्हतं, सगळा पंजा लावायला लागत होता, टोकांसकट. सुरुवातीला दर ओढीला करंट यायचा. मग एक आड एक. मी मोजलं वगैरे नाही. तिकडे लक्ष द्यायला वेळच नव्हता, कारण आता ते वाळायला लागलं होतं आणि अण्णा ओरडत होते, "हां, आता! आता सोडू नको! ओढ!" यशोदाबाई खालून ओरडल्या, "कोण भांडतंय वर?" अण्णा म्हणाले, "कोन न्हाई, व्यायाम चाललाय!"

रंग उतरत गेला. काळपटाचा तपकिरी, तपकिरीचा बदामी. मघाशी वाकवलं की करकर वाजत होतं, तो आवाज कधी बंद झाला कळलं नाही. ऊन गेलं तेव्हा अण्णांनी धारेवरून तुकडा काढला आणि मुठीत चुरगळला. मूठ उघडली. तो सावकाश उलगडला, धुतलेल्या रुमालासारखा.

त्यांनी तो माझ्या टोकांवर ठेवला. मी हात मागे घेतला नाही.

सोमवारी त्यांनी ट्रंकेतून चामडं शिवायची आरी काढली. एवढी वर्षं ती घरात होती हे मला माहीतच नव्हतं. आईला होतं. तिने दोऱ्याला मेण लावून तो सुईत ओवून दिला. दोन बोटांच्या दोन टोप्या, हाताच्या पाठीवरून पट्टा, मनगटाला बटण. शिवण सगळी बाहेरून.

मंगळवारी लाइनच्या तोंडाशीच सेफ्टीवाल्याने अडवलं. बाहेरचे ग्लोव्ह्ज चालत नाहीत. शेखरने डोळ्याने खुणावलं, मी कंपनीचा ग्लोव्ह त्याच्यावरून चढवला. आत बोकड, वर कंपनी.

नटरनर हातात आला. ट्रिगर दाबला. करंट आला, नाही असं नाही. पण पेटती काडी लागल्यासारखा नाही, मुंगी चावल्यासारखा. मुंग्यांबरोबर शिफ्ट काढता येते. चहाच्या सुट्टीपर्यंत मी ट्रिगरचा विचार करणं सोडून दिलं होतं.

दुपारनंतर शेडमधली गरमी वाढली, हाताला घाम सुटला आणि वास बाहेर आला. लाइनचे साहेब, नंदकिशोर सर, माझ्यामागे येऊन थांबले. "कसला वास येतोय रे?"

शेखर खाली बघायला लागला.

"ग्लोव्हचा आहे सर. आतल्या."

"दाखव."

मी काढून दिलं. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि मान मागे घेतली. "हे कुठून आणलंस?"

"घरचं आहे. वडिलांनी कमावलंय."

"कमावलंय म्हणजे?"

"कातडं. आमच्यात करायचे."

हे मी कुठल्याही कंपनीत, कुठल्याही मित्राला, आजवर बोललो नव्हतो. शेखरलासुद्धा नाही. तो आता माझ्याकडे बघत होता.

सरांनी मग ते माझ्या हातात परत दिलं आणि बोटं पॅंटला पुसली. एकदा, मग दुसऱ्यांदा. "काम चांगलं केलंस. उद्यापासून ये. ते मात्र आतच ठेव, दिसायला नको कुणाला," म्हणाले आणि वॉशबेसिनकडे गेले.

मला त्यांचा राग यायला पाहिजे होता. थोडा आलाही. पण मी स्वतः रविवारी ओकलो होतो, मी कुठल्या तोंडाने रागावणार.

चाकणच्या ट्रॅफिकमधून घरी पोचायला अंधार पडला. अण्णा खाली पहिल्या पायरीवर बसले होते, काहीच काम नसल्यासारखे. भुवई उडवून विचारलं.

"उद्यापासून," मी म्हटलं.

त्यांनी हात पुढे केला. मी टोप्या काढून दिल्या. त्यांनी शिवण तपासली, एक टाका नखाने दाबून बघितला, मग सवयीने टोप्या नाकाकडे नेल्या आणि अर्ध्यातच थांबले.

"घामाचा येतोय," मी म्हटलं. "घाण येतोय, खोटं कशाला बोलू. पण खालून तो चोथ्याचा आहे अजून."

त्यांनी मान हलवली. टोप्या खिशात ठेवल्या.

आम्ही जिना चढलो. आमच्या मजल्याच्या आधी मी थांबलो. वरून वास येत होता. मला लहानपणापासून न आवडणारी भाजी, नाकात बसणारी.

"शेपू," मी हळूच म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मग राहिलेल्या पायऱ्या चढले, दार ढकललं, चप्पल काढता काढता म्हणाले, "आगं, शेपूचा काय वास सुटलाय!"

कढईतली आईची पळी थांबली. इतक्या वर्षांत त्यांनी कधी भाजीचं नाव घेतलं नव्हतं.

आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांच्या मागे दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं, जरा जास्त वेळ. मग पुन्हा कढईकडे वळली.

"हात धुवा दोघं," ती म्हणाली. "घाण येतीय."